शरण आलेल्याला सोडलं की पॅलाडिनची शपथ मोडते?

एकेक पात्र घेऊन फॅन्टसी खेळणाऱ्यांमध्ये पॅलाडिनबद्दल, म्हणजे शपथेने बांधलेल्या धर्मयोद्ध्याच्या पात्राबद्दल, एक दावा कायम फिरत असतो: ‘पॅलाडिन न्याय करायला असतो, क्षमा करायला नाही. शरण आलेल्या दुष्टाला जिवंत सोडणं म्हणजे शपथ मोडणं.’ त्याला जोडून जी कारणं दिली जातात, ती एकेक करून बघू.

‘नियमच तसे आहेत.’ कोणते नियम? डन्जन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाच्या नियमांच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत पॅलाडिनची आचारसंहिता दिली आहे. रास्त सत्तेचा मान राखायचा, खोटं बोलायचं नाही, विष वापरायचं नाही, गरजवंताला मदत करायची आणि निरपराधांना छळणाऱ्यांना शिक्षा करायची. शिक्षा म्हणजे शिरच्छेदच, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतली ‘डिव्होशन’ शपथ तर शत्रूवरही दया करायला सांगते, फक्त ती शहाणपणाने करा म्हणते. ‘व्हेंजन्स’ शपथेत दुष्टांना दया नाही, हे कबूल. पण ती अनेक शपथांपैकी एक. सगळ्या पॅलाडिनांच्या गळ्यात ती कशाला बांधायची? २०१७ मध्ये ‘रिडेम्प्शन’ शपथही आली, तिच्यात हिंसा हा शेवटचा उपाय आहे.

‘पॅलाडिनला दुष्टपणा दिसतो, मग चौकशी कसली?’ हे मला सगळ्यात घातक वाटतं. तिसऱ्या आवृत्तीत दुष्टपणा ओळखायची जी ‘डिटेक्ट इव्हिल’ शक्ती आहे, तिच्यात वृत्ती कळते, कृत्य कळत नाही. मनाने सडलेला, पण अजून कुणाला बोटही न लावलेला माणूस त्यात सापडणारच. त्याला तेवढ्यावरून कापणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं. पाचव्या आवृत्तीने ही सोयही काढून घेतली: तिच्यातल्या ‘डिव्हाइन सेन्स’ शक्तीला देवदूत, सैतान आणि अनडेड (मरूनही वावरणारे जीव) जाणवतात, समोरचा माणूस भला की बुरा ते नाही.

‘खरे धर्मयोद्धे कुठे दया करायचे?’ १०९९ मध्ये ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी जेरुसलेम जिंकताना कत्तल केली, हा इतिहास आहे. पण प्रश्न कर्तव्याचा आहे. बाराव्या शतकात टेम्पलर या ख्रिस्ती योद्धा-संन्याशांची स्तुती लिहिणारा मठाधिपती, क्लेअरव्होचा बर्नार्ड, काही मवाळ नव्हता. दुष्टाला मारणं ही माणसाची नव्हे, दुष्टपणाची हत्या, असं म्हणणारा तो. तोही त्याच लेखनात सांगतो, की दुसऱ्या मार्गाने आवरता येत असेल, तर परधर्मीयांनाही मारू नये.

राहिलं शेवटचं, आणि यात दम आहे: ‘सोडलेला शत्रू परत येतो आणि गाव जाळतो.’ येतो, पण त्याला परत आणतो कोण? डीएम, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा खेळाचा सूत्रधार. दया केलेला प्रत्येक गोब्लिन (खेळातला छोटा राक्षस) पुढच्या सेशनला पाठीत सुरा खुपसणार असेल, तर खेळाडू एकच धडा शिकतात, आणि मग त्याच धड्याला न्यायाचं नाव देतात. शिवाय मारणं किंवा मोकाट सोडणं एवढे दोनच पर्याय या वाक्यात गृहीत धरलेत. पाचव्या आवृत्तीत हातघाईचा शेवटचा घाव बेशुद्ध करणारा ठरवता येतो. तिसऱ्या आवृत्तीत नेहमीच्या तलवारीने जीव न घेता लढायचं, तर हल्ला लागला का ते ठरवणाऱ्या फाशाच्या आकड्यातून ४ वजा व्हायचे. म्हणजे दया महाग होती, निषिद्ध नव्हती. आणि खरा खर्च तर नंतरच सुरू होतो: कैद्यावर रात्री पहारा, त्याचं खाणंपिणं, त्याला घेऊन दोन दिवसांचा उलटा प्रवास, बाकीच्या साथीदारांची कुरकुर. (चोराचं पात्र घेतलेला खेळाडू इथे हमखास म्हणतो, ‘मी बघतो त्याच्याकडे, तुम्ही पुढे व्हा.’) हे सगळं टाळायचं असतं, म्हणून तलवार चालवली जाते. मोहिमेच्या सुरुवातीलाच डीएमने एवढं ठरवावं, की या प्रदेशात कैदी कुणाच्या ताब्यात देता येतो आणि तिथे त्याचा निवाडा कोण करतो. कैदी द्यायला जागाच नसेल, तर पॅलाडिनच्या दयेची परीक्षा घेण्यात अर्थ नाही.