फॅन फिरतोय, तरी लॅपटॉप तापतो: एका स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. मार्चमध्ये लॅपटॉप तापतो म्हणून आमच्याकडे दिला, सर्व्हिसिंगचे साडेआठशे रुपये गेले, आणि मे लागताच तो पुन्हा तापून बंद पडायला लागला. वरून आम्ही फॅन बदला म्हणतो, फॅन तर फिरतोय, म्हणजे ही सरळ लूट आहे, असं तुमचं म्हणणं. शिवाय दुसऱ्या एका दुकानात ‘पाइपमधला गॅस उडालाय, भरून देतो’ असं सांगितलं, आणि आम्हाला एवढंही कळलं नाही, असंही लिहिलंय.

आधी गॅसचं बोलतो, कारण त्यात तुमचे पैसे फुकट जायचेत. हीट पाइप म्हणजे दोन्ही टोकं बंद केलेली तांब्याची चपटी नळी. आतली हवा काढून तिच्यात अगदी थोडं पाणी ठेवलेलं असतं. हवा नसल्यामुळे ते कमी तापमानालाच उकळतं. प्रोसेसरकडच्या टोकाला वाफ होते, फिन्सकडच्या, म्हणजे फॅनच्या झोतातल्या पातळ धातूच्या पट्ट्यांकडच्या टोकाला तिचं पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या जाळीतून ते परत येतं. फ्रिजसारखा गॅस त्यात भरत नाहीत. नळी फुटलीच तर अख्खी हीटसिंक, म्हणजे नळी आणि फिन्सचा जोड, बदलावी लागते, भरून देणारा मला तरी अजून भेटलेला नाही. तुमची नळी शाबूत आहे. मार्चमध्ये एक टोक गरम पाण्यात धरलं, तर दुसरं लगेच चटका द्यायला लागलं. निकामी नळी इतक्या पटकन तापत नाही.

आता फॅन. खालचं झाकण उघडलं तेव्हा तुम्ही काउंटरवरच उभे होतात. फॅन आणि फिन्सच्या मधे धूळ, केस आणि गादीचा कापूस असा नमद्यासारखा थर बसला होता, चिमट्याने ओढला तर अख्खी पट्टी बाहेर आली. प्रोसेसरवरची, त्याची उष्णता नळीकडे पोचवणारी पेस्ट सुकून तिचे पापुद्रे निघत होते. ती अल्कोहोलने पुसून नवी लावली, फिन्स मोकळ्या केल्या. साडेआठशे रुपये या कामाचे. त्याच वेळी फॅनचं पातं बोटाने हलवून दाखवलं होतं, ते आडवं हलत होतं. म्हणजे बेअरिंग झिजलंय. तुम्ही म्हणालात, ‘फिरतोय ना, चालू द्या.’ बरं म्हटलं, आणि बिलावर ‘फॅन बदलणे गरजेचे, ग्राहकाची तयारी नाही’ असं लिहून खाली तुमची सही घेतली. बिल घरी असेल तर बघा.

फॅन फिरतो एवढ्याने भागत नाही, तो किती वेगाने फिरतो ते बघावं लागतं. त्याच्या चार तारांपैकी एक तार वेगाचा आकडा बोर्डाला कळवत असते आणि तो स्क्रीनवर वाचता येतो. पूर्ण लोड दिल्यावर तुमचा फॅन मिनिटाला 2,300 फेऱ्यांच्या पुढे जाईना. याच मॉडेलचा नवा फॅन 4,000 च्या वर जातो. यात आमच्या मनाचं काही नाही. फॅनमध्ये तेल टाकून देणारेही आहेत. आवाज काही दिवस जातो, पण झिजलेलं बेअरिंग काही परत भरून येत नाही. आम्ही तसं करत नाही.

मग मार्चमध्ये चाललं आणि आता का नाही? सर, आपण नागपुरात राहतो. बहुतेक कंपन्या लॅपटॉपच्या वापरासाठी 35 अंशांपर्यंतचं तापमान छापतात, आणि नवतप्याच्या दुपारी आपल्या बंद खोलीत त्याहून जास्त सहज होतं. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तितकाच जास्त तापतो. सर्व्हिसिंगनंतर तुमचा लॅपटॉप लोडवर 88 अंशांवर थांबत होता. त्यात दहा-बारा मिळवा. शंभराच्या आसपास प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी तापमान चढलं तर लॅपटॉप बंद होतो. तो जळू नये म्हणून केलेली ती सोय आहे. चांगला फॅन हा फरक पेलतो, तुमचा पेलत नाही. दोन महिन्यांत पेस्ट सुकत नसते.

फॅनचा खर्च करण्याआधी घरी एक गोष्ट करून बघा. काहीही उघडलेलं नसताना टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू किती टक्के दिसतो ते पाहा. पाच-सातच्या आत असून लॅपटॉप तापत असेल, तर हवेचा मार्ग नाहीतर फॅन. सत्तर-ऐंशी दिसत असेल, तर मागे कुठलातरी प्रोग्रॅम अडकलाय. त्याचे आम्ही पैसे घेत नाही, बसल्या जागी बघून देऊ. पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 वरून 99 केली की बऱ्याच लॅपटॉपमध्ये टर्बो (गरज पडली की प्रोसेसरचा वेग वाढवणारी सोय) बंद होतो आणि तापमान लगेच उतरतं. वेग थोडा कमी होईल, पण ऑफिसच्या कामाला जाणवणार नाही. मुलाच्या गेमला जाणवेल, त्याची बोलणी तुम्ही खा.

लॅपटॉप गादीवर नको, हवा खालूनच आत जाते. कूलरच्या थेट झोतातही नको. वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी ओली हवा बरी वाटते, पण तिच्यामुळे धूळ फिन्सवर चिकटून बसते. आणि घरी ब्लोअर मारायचा असेल तर टूथपिकने पातं अडवून धरा. मोकळं सोडलं तर ते झोताने वाट्टेल त्या वेगाने फिरतं आणि उरलंसुरलं बेअरिंगही जातं.

‘लूट’ या शब्दाबद्दल एवढंच, फॅन आमच्याकडूनच घ्या असा आग्रह नाही. जुन्या फॅनवरच्या स्टिकरचा पार्ट नंबर जुळवून तुम्ही स्वतः मागवा. नुसतं मॉडेलचं नाव बघून घेऊ नका, एकाच मॉडेलमध्ये कनेक्टर आणि जाडी वेगळी निघते. बसवण्याचे पैसे घेणार नाही, त्याच वेळी पेस्टही नव्याने लावून देऊ. आधीचा आणि नंतरचा आकडा स्क्रीनवर तुम्हीच वाचा.

सकाळी अकराच्या आत आलात तर गर्दी नसते. येताना चार्जर आणा. बॅटरीवर लॅपटॉप पूर्ण जोर लावत नाही, त्यामुळे चाचणी खरी येत नाही.