गल्ल्याचा हिशोब आणि मँचेस्टरचे मतदार

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट या एकोणिसाव्या शतकातल्या मुक्त व्यापारवाल्या ब्रिटिश खासदारांचा युद्धविरोध म्हणजे गिरणीवाल्यांच्या गल्ल्याचा हिशोब. माल खपायला शांतता हवी, एवढंच; मी माझ्या लेखात उगाच त्याला तत्त्वाचा मुलामा दिला.

गिरणीचं नाकारत नाही. ब्राइटच्या घरची रॉचडेलला कापडगिरणी होती. १८४८ मध्ये हिंदुस्थानातल्या कापसाची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचा तो अध्यक्ष होता. मँचेस्टरच्या कापडानं आपल्या विणकरांचं काय केलं, हे तुम्हाला सांगायला नको. लेखात हे यायला हवं होतं, राहून गेलं.

पण गल्ल्याचाच हिशोब लावायचा, तर १८५७ साल बघा. ‘अ‍ॅरो’ नावाच्या जहाजावरच्या खलाशांच्या अटकेचं निमित्त करून हाँगकाँगच्या ब्रिटिश गव्हर्नरनं आदल्या वर्षी चीनमधल्या कँटनवर तोफा डागायला लावल्या होत्या. कॉब्डेननं पार्लमेंटमध्ये त्याविरुद्ध ठराव आणला आणि २६३ विरुद्ध २४७ मतांनी जिंकलाही. पंतप्रधान पामर्स्टननं लगेच निवडणूक लावली. ब्राइट मँचेस्टरमध्ये पडला, कॉब्डेन हडर्सफील्डमध्ये. रशियाविरुद्धच्या क्रिमियाच्या युद्धाला विरोध केल्याचा राग होताच, त्यात हे. ज्यांच्या गल्ल्यासाठी हे दोघं भांडत होते म्हणता, त्या मँचेस्टरवाल्यांनीच ब्राइटला घरी बसवलं! चीनची बाजारपेठ तोफेनं उघडली तरी त्यांना चालणार होतं. तुमचं वर्णन त्यांना चपखल बसतं.

आणि तो गव्हर्नर कोण? जॉन बाउरिंग. धान्यावरच्या जकातीविरुद्धच्या चळवळीतला, कॉब्डेनचा जुना परिचित, मुक्त व्यापाराचा कट्टर भक्त. हा मुद्दा तुम्ही काढला असतात, तर मला उत्तर द्यायला जड गेलं असतं.

कर्जांचंही तेच. हंगेरीचा उठाव चिरडण्यात रिकामी झालेली तिजोरी भरायला ऑस्ट्रियानं १८४९ मध्ये लंडनच्या बाजारात कर्ज मागितलं, पाठोपाठ रशियानंही. कॉब्डेननं जाहीर सभा घेऊन सावकारांना सांगितलं, देऊ नका. हा कसला मुक्त बाजार, असं तेव्हाही लोकांनी त्याला ऐकवलं. पण तो कायद्यानं बंदी मागत नव्हता. आपला पैसा कुठल्या फौजेच्या पोटात जातो ते बघा, एवढंच त्याचं म्हणणं.

मला ते चुकलेले वाटतात ते दुसरीकडेच. व्यापाराची वीण घट्ट झाली की युद्ध आपोआप मागे पडेल, अशी कॉब्डेनची श्रद्धा होती. त्यासाठी १८६० मध्ये त्यानं फ्रान्सशी करार घडवून आणला. १९१४ मध्ये ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांची मोठी गिऱ्हाइकं होती. त्यामुळे युद्ध काही अडलं नाही.

राहता राहिला म्हातारा ब्राइट. १८८२ मध्ये ग्लॅडस्टनच्या सरकारनं अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या, तेव्हा तो मंत्रिमंडळात होता, वय ७०. इजिप्तच्या कर्जरोख्यांत इंग्रजांचा बक्कळ पैसा अडकला होता, खुद्द ग्लॅडस्टनचासुद्धा. ब्राइटनं राजीनामा दिला.