‘दोन स्विच बंद केले असते तर’ या वाक्याला उत्तर

मोठा विमान अपघात झाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे मात्र तेच: हल्लीची विमानं स्वतःच उडतात, वैमानिक नुसती बटणं दाबतो. बोइंग ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत यंत्रापेक्षा कच्च्या वैमानिकांचा दोष मोठा होता, दोन स्विच बंद केले असते तर सगळे वाचले असते. परवानाधारक वैमानिकाला त्याच विमानाची नवी आवृत्ती समजायला टॅबलेटवरचा छोटा कोर्स पुरतो. सिम्युलेटरचा, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमधल्या सरावाचा, आग्रह म्हणजे उगाच वाढवलेला खर्च.

चांगली शिकलेली, विचारी माणसं हा मजकूर पुढे पाठवतात, म्हणून त्याला मुद्द्यांनी उत्तर द्यायला हवं. त्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. वैमानिकही त्यांतच गेले, त्यांना आता आपली बाजू मांडता येणार नाही.

आधी ते दोन स्विच, कारण हा मुद्दा पहिल्यांदा ऐकताना पटतो. ७३७ च्या कॉकपिटमध्ये स्टॅबिलायझरच्या विजेच्या ट्रिमचा पुरवठा तोडणारे दोन कटआउट स्विच असतात, हे खरं. स्टॅबिलायझर म्हणजे शेपटीवरचा आडवा पंख. तो फिरला की विमानाचं नाक खाली-वर होतं, आणि तो असा फिरवणं म्हणजे ट्रिम. तो आपोआप फिरतच राहिला तर हे स्विच बंद करायचे, ही पद्धतही जुनीच. पण ही पद्धत आठवण्यासाठी आधी समोर काय बिघडलंय ते ओळखता यायला हवं.

२९ ऑक्टोबर २०१८ ला जकार्ताहून निघालेलं लायन एअरचं विमान घ्या. हवेच्या प्रवाहाशी विमानाचा कोन मोजणारा डावीकडचा सेन्सर सुमारे २१ अंशांनी चुकीचा आकडा देत होता. जमीन सोडताच कॅप्टनचा स्टिक शेकर सुरू झाला, म्हणजे हातातला कंट्रोल कॉलम थरथरू लागला. हा स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपून विमान पडू शकतं याचा, इशारा. शिवाय दोन बाजूंचे वेग जुळत नाहीत, उंची जुळत नाही, असेही इशारे. एवढ्या गोंधळात एमकॅस नावाची नवी संगणकीय यंत्रणा त्या एकाच सेन्सरवर विसंबून नाक खाली ढकलू लागली. वैमानिकाने अंगठ्याखालच्या बटणाने ट्रिम वर घेतला की ती थांबायची आणि पाचेक सेकंदांनी पुन्हा सुरू व्हायची. ट्रिम पिसाटला की तो सलग फिरत राहतो, हे वैमानिकाच्या डोक्यातलं चित्र. इथे तो थांबत होता, बटणाला दाद देत होता आणि परत येत होता. त्यात ७३७ च्या वैमानिकाला गुडघ्याजवळचं ट्रिम व्हील अधूनमधून आपोआप फिरताना बघायची सवय असते, कारण स्पीड ट्रिम नावाची जुनी यंत्रणा रोजच्या उड्डाणातही ते फिरवते.

या सगळ्यात मला सर्वांत गंभीर वाटते ती गोष्ट त्या मजकुरात कधीच नसते. जुन्या ७३७ मध्ये नाक खाली नेणारा ट्रिम सुरू असताना वैमानिकाने कॉलम जोरात मागे ओढला, तर तो ट्रिम तिथेच थांबायचा. नाक खाली जाऊ लागलं की मागे ओढायचं, ही सर्वांत स्वाभाविक प्रतिक्रिया, आणि विमान तिला दाद द्यायचं. एमकॅससाठी ही सोय बाजूला ठेवलेली होती. वैमानिक वर्षानुवर्षांच्या सवयीने ओढत राहिला आणि त्या ओढण्याचा ट्रिमवर काही परिणाम होईना. हे त्याला कुणी सांगितलं होतं? एमकॅस काय आहे आणि कशी वागते, याचं वर्णन त्याला दिलेल्या मॅन्युअलमध्ये नव्हतं, प्रशिक्षणातही नव्हतं.

तरीही त्या कॅप्टनने वीसहून अधिक वेळा नाक वर आणलं. नंतर त्याने विमान सहवैमानिकाच्या हाती दिलं, तेव्हा बटणाने ट्रिम परत वर घेणं अपुरं पडू लागलं आणि विमान समुद्रात गेलं. दोघेही कच्चे नव्हते. कॅप्टनच्या नावावर सहा हजारांहून अधिक तास होते, सहवैमानिकाच्या नावावर पाच हजारांहून अधिक.

यावर लगेच विचारतात: आदल्या रात्री हेच विमान याच बिघाडासह सुखरूप उतरलं, ते कसं? ते खरंच उतरलं. त्या रात्री कॉकपिटमध्ये जंपसीटवर, म्हणजे मागच्या जादा खुर्चीवर, तिसरा वैमानिक होता. दोघांचे हात विमान सावरण्यात गुंतलेले असताना एक मोकळी नजर उपलब्ध होती. कटआउट स्विच बंद झाले आणि विमान उतरलं, पण एमकॅस नावाची काही गोष्ट आहे हे त्या तिघांनाही माहीत नव्हतं. म्हणूनच त्यांनी उतरल्यावर केलेल्या नोंदीत वेग आणि उंचीच्या तक्रारी आल्या, स्टिक शेकर आणि स्विच बंद केल्याची गोष्ट आली नाही. सकाळच्या वैमानिकांना ती अर्धीच नोंद मिळाली. ज्या यंत्रणेला नावच माहीत नाही, तिची तक्रार तरी कशी लिहिणार?

दुसरा अपघात १० मार्च २०१९ चा, अदिस अबाबाहून नैरोबीला निघालेल्या इथिओपियन एअरलाइन्सच्या विमानाचा. ‘स्विच बंद केले असते तर’ म्हणणाऱ्यांनी हा अहवाल तरी वाचावा, कारण इथे ते स्विच बंद केले होते. त्यानंतर ट्रिम हाताने, व्हील फिरवून वर आणायचा असतो. वेग इतका वाढला होता की शेपटीवरच्या हवेच्या दाबापुढे ते व्हील हलेना. शेवटी त्यांनी विजेचा ट्रिम पुन्हा जोडला आणि एमकॅसने शेवटचं नाक खाली ढकललं. इंजिनांची ताकद टेकऑफलाच राहिली, वेग मर्यादेपलीकडे गेला, ही त्यांची चूक होती आणि ती मान्य करायला हवी. सहवैमानिकाच्या नावावर जेमतेम ३६१ तास होते, हेही खरं. पण कॅप्टनच्या नावावर आठ हजारांवर तास होते, आणि वेगात ते व्हील हाताने फिरत नाही हा अनुभव त्याला कुठे मिळणार होता? मे २०१९ मध्ये बोइंगने स्वतः मान्य केलं की मॅक्सच्या सिम्युलेटरचं सॉफ्टवेअर अशी परिस्थिती नीट दाखवत नव्हतं. पहिल्या अपघातानंतर काढलेल्या सूचनापत्रात काय करायचं ते होतं, पण एमकॅस हे नावही नव्हतं.

आता वैमानिक किती वेळात ओळखेल, याबद्दल. हे विमान मंजूर होताना गृहीत धरलं होतं की अचानक ट्रिम फिरला तर वैमानिक चार सेकंदांत ओळखून उपाय करील. बोइंगच्याच एका चाचणी वैमानिकाला सिम्युलेटरवर दहा सेकंदांहून अधिक लागले होते, आणि त्याने ती परिस्थिती विनाशकारी ठरवली होती. अमेरिकी काँग्रेसच्या चौकशीत हे बाहेर आलं. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एनटीएसबीनेही, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या मंडळानेही, सांगितलं की एकाच वेळी अनेक इशारे वाजत असताना माणूस काय करतो, याचा विचार त्या गृहीतकांत नव्हता. हडसन नदीवर विमान उतरवणारे कॅप्टन सलनबर्गर यांनी हे प्रसंग सिम्युलेटरवर अनुभवले आणि जून २०१९ मध्ये काँग्रेससमोर साक्ष दिली की वेळ आणि उंची दोन्ही कशी संपून गेली असेल ते त्यांना समजलं. वैमानिकांनी हे पहिल्यांदा सिम्युलेटरमध्ये भोगलेलं असावं, प्रवासी मागे बसलेले असताना नव्हे, हा त्यांच्या साक्षीचा रोख होता.

“वैमानिक गरीब देशांतले, म्हणून असं झालं,” असंही म्हणतात. या वाक्याने मला मनापासून वाईट वाटतं, आणि ते खोटंही आहे. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ ब्रिटिश मिडलंडचं ७३७-४०० पडलं, ४७ माणसं गेली. डाव्या इंजिनाचं एक पातं तुटलं होतं आणि ब्रिटिश वैमानिकांनी बंद केलं उजवं, चांगलं इंजिन. हे ऐकून कपाळाला हात लावण्याआधी पुढचं वाचा. धुराचा वास प्रवाशांच्या केबिनकडून येतोय असं कॅप्टनला वाटलं, आणि जुन्या विमानांच्या ज्ञानावरून त्याने तो उजव्या इंजिनाशी जोडला. नव्या विमानात कोणत्या इंजिनाची हवा कुठे जाते ती मांडणी बदलली होती. इंजिनाचं कंपन दाखवणारी उपकरणं जुन्या विमानांत बेभरवशाची, त्यामुळे त्यांच्याकडे फारसं बघायचं नाही अशी सवय. नव्या विमानात ती भरवशाची झाली होती, पण छोट्या इलेक्ट्रॉनिक तबकडीवर आली होती. चांगलं इंजिन बंद करताना इंजिनांची ताकद आपोआप सांभाळणारा ऑटोथ्रॉटलही सुटला, डाव्या इंजिनावरचा भार कमी झाला आणि थरथर ओसरली, म्हणून निर्णय बरोबर आहे असंच वाटलं. या नव्या आवृत्तीचं त्यांचं प्रशिक्षण किती होतं? एका दिवसाचा दृक्‌श्राव्य कोर्स. ती नवी उपकरणं असलेला सिम्युलेटर त्यांना उपलब्धच नव्हता. ‘तेच विमान, थोडं नवं’ या समजाची इतकी स्वच्छ नोंद मॅक्सच्या तीस वर्षं आधीची आहे.

पुढच्याच वर्षी, १४ फेब्रुवारी १९९० ला, बंगळूरला उतरताना इंडियन एअरलाइन्सचं ए-३२० धावपट्टीच्या अलीकडे पडलं आणि ९२ जण गेले. ए-३२० तेव्हा तिथे अगदी नवं. उतरताना विमान ‘ओपन डिसेंट’ या मोडमध्ये गेलं. त्यात इंजिनं आयडलला, म्हणजे सर्वांत कमी ताकदीवर, येतात. ताकद उरलेली नाही हे फार उशिरा ध्यानात आलं. जुन्या विमानांत ऑटोथ्रॉटल चालू असताना इंजिनांचे लिव्हर हाताखाली सरकतात आणि हाताला कळतं. या विमानात ते हलत नाहीत. म्हणजे जी जाणीव हाताला होती ती आता फक्त डोळ्यांनी, पडद्यावरून घ्यायची. एवढा मोठा बदल कोर्सच्या कागदावर एका ओळीत मावतो, अंगात मुरायला मात्र वेळ लागतो.

“विमान स्वतःच उडतं.” ऑटोपायलट सांगितलेलं काम करतो. त्याला मिळणारी माहिती बिघडली की तो सुटतो आणि विमान वैमानिकाच्या हाती येतं, तेही सर्वांत वाईट क्षणी. १ जून २००९ ला रिओहून पॅरिसला जाणाऱ्या एअर फ्रान्सच्या विमानाच्या वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला आणि साडेचार मिनिटांच्या आत २२८ माणसांसह विमान अटलांटिकमध्ये गेलं. इतक्या उंचीवर वेगाचे आकडे हरवलेले असताना हाताने विमान चालवण्याचा सराव त्या वैमानिकांना दिलेला नव्हता, हे फ्रेंच चौकशीत नोंदलं आहे. यंत्र जितकं जास्त काम करतं, तितका वैमानिकाच्या हाताचा सराव कमी होतो. त्यामुळे प्रशिक्षण कमी न होता वाढायला हवं.

राहिला खर्च. ७३७ च्या वैमानिकांना मॅक्ससाठी सिम्युलेटर लागू नये, हा विक्रीचा मोठा मुद्दा होता. लागलाच तर एका मोठ्या अमेरिकी ग्राहक कंपनीला प्रत्येक विमानामागे १० लाख डॉलरची सूट देण्याचा करार बोइंगने केला होता. मॅक्ससाठी संगणकावरचं प्रशिक्षण पुरेसं ठरलं. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकी न्याय खात्याशी झालेल्या २५० कोटी डॉलरच्या समझोत्यात बोइंगने मान्य केलं, की तिच्या दोन तांत्रिक वैमानिकांनी एमकॅसबद्दल एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेची, दिशाभूल केली आणि त्यामुळे ती माहिती मॅन्युअल व प्रशिक्षणातून गळली. तेव्हा ‘प्रशिक्षण अपुरं पडलं’ असं म्हणणंही सौम्यच. ते ठरवून कमी ठेवलं गेलं होतं.

सगळ्या चुका यंत्राच्या आणि वैमानिक निर्दोष, असं मी म्हणत नाही. वैमानिक चुकतात, आणि चुकांचा हिशेब व्हायलाच हवा. पण जे त्याला सांगितलंच नव्हतं ते त्याला कळलं नाही, ही त्याची चूक धरता येत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये एफएएने मॅक्सला पुन्हा परवानगी दिली तेव्हा एमकॅस दोन्ही सेन्सर बघू लागली होती, एका प्रसंगात एकदाच चालणार होती, आणि प्रत्येक वैमानिकाला सिम्युलेटर सक्तीचा झाला होता. भारतानेही तीच अट घातली. एप्रिल २०२२ मध्ये डीजीसीए या आपल्या नियामक संस्थेने एका भारतीय विमान कंपनीच्या ९० वैमानिकांना मॅक्स उडवायला मनाई केली. त्यांनी सिम्युलेटरचं प्रशिक्षण घेतलं होतं, पण त्या सिम्युलेटरचा स्टिक शेकर बंद होता. लायन एअर आणि इथिओपियन, दोन्ही कॉकपिटमध्ये पहिल्यांदा सुरू झालेला इशारा तोच होता. त्या ९० जणांना पुन्हा पहिल्यापासून प्रशिक्षणाला बसवण्यात आलं.