शेवटच्यालाही श्वास घेऊ द्या

पुण्यातून निघताना सगळे म्हणतात, "एकत्रच राहायचं हं." गुलमर्गला पहिल्याच सकाळी ते हवेत विरतं. पुढचे चौघे स्कीवरून सरसर खाली जातात, वळणावर थांबतात, पाणी पितात, फोटो काढतात. मागून वहिनी धापा टाकत पोहोचते आणि त्याच क्षणी हे चौघे म्हणतात, "चला, सगळे आले!" अरे, तुमची दहा मिनिटं विश्रांती झाली, तिची कुठे झाली? जिला सर्वात जास्त गरज, तिलाच मिळत नाही. सिंहगडावरही दर रविवारी हेच!

पुणे साधारण ५६० मीटरवर, गुलमर्ग २६५० च्या आसपास. हवा विरळ, बूट जड, दिवसभर गुडघे वाकवून उतरायचं. मांड्या भरून येतातच. त्यात चार वाजता कुणीतरी "शेवटची एकच फेरी" काढतं. ऊन कलल्यावर बर्फ पुन्हा कडक व्हायला लागतो, पाय ऐकत नाहीत. दोन वर्षांपूर्वी वहिनीचा गुडघा अशाच फेरीत मुरगळला. वर तिलाच ऐकवलं, "स्टॅमिना वाढव." संताप येतो मला!

यंदा मी तिच्या मागे राहणार. ती म्हणेल तेव्हाच निघायचं.