फोनचा रंग उजळताना

माळा आवरायला म्हणून चढलो आणि उतरलो तो काखेत फोन घेऊन. तोच, भोकात बोट घालून चकती फिरवायचा. शून्य फिरवलं की दहा ठोके मोजत, सेकंदभर घरघरत जागेवर येणारा. पण रंग पार गेलेला. कुठे पिवळा, कुठे त्याहून पिवळा.

"हा मुळात पांढराशुभ्र असणार," मी जाहीर केलं. पुढच्या पंधरा दिवसांचं रामायण या एका वाक्यातून घडलं.

पहिला सल्ला काकांचा. "बेकेलाइट असेल रे, जुन्या जमान्यातलं प्लॅस्टिक. अंगठ्याने घास, गरम झालं की वास घे. कार्बोलिकचा वास आला तर बेकेलाइट. आणि सुक्या पॉलिशपेपरने घासू नकोस, जुन्या मालात कधीकधी ॲस्बेस्टॉस असायचं." मी कोचावर बसून फोन घासत होतो आणि अंगठा हुंगत होतो. मुलगी दारातून डोकावली आणि काही न विचारता परत गेली. वास आला तो फक्त माळ्याचा. काकांचं ज्ञान चोख होतं, फोन तेवढा वेगळा होता. बेकेलाइट हे लिओ बेकलंडचं 1907 सालचं अपत्य. बहुतेक काळं नाहीतर तपकिरी, आणि एकदा घट्ट झालं की कितीही तापवा, वितळणार नाही. आमचा फोन नंतरच्या पिढीतला, एबीएस प्लॅस्टिकचा. त्यात रबराचा अंश असतो, आणि ऊन मिळालं की तो हवेतल्या ऑक्सिजनशी संगनमत करून पिवळा पडतो.

फोन खोलण्याआधी लाइनची वायर काढायची असते. लाइन गप्प असताना तिच्यात सुमारे 48 व्होल्ट असतात. घंटी वाजताना ते पाऊणशे-नव्वदच्या घरात जातात आणि स्क्रूड्रायव्हर धरलेल्या माणसाला ते चांगलेच कळतात. आमच्या फोनची वायर कशालाच जोडलेली नव्हती. तरी मी ती दोनदा तपासली.

तळाचे दोन स्क्रू काढले, कवच अलगद सुटलं. आत दोन घंट्या, मधे त्यांचा टोला आणि एक कोळी. कवच उलटं करून धूळ पुसली, तर तिथेही तोच पिवळसर रंग. "बघ, बिचारा आतूनसुद्धा पिवळा पडलाय!" बायकोला दाखवलं. ती "हं" म्हणाली. तिच्या 'हं'चा अर्थ लावायला एरवी मी वेळ काढतो. त्या दिवशी घाईत होतो.

रिसीव्हरचं बोलायच्या बाजूचं झाकण फिरवून काढलं आणि आतली डबी टपकन हातात पडली. या डबीत कोळशाचे बारीक दाणे असतात, आपला आवाज तेच पुढे ढकलतात. तिला पाणी लागू द्यायचं नाही. ती बाजूला ठेवली आणि झाकण उजेडात धरलं. भोकं बुजलेली. टूथपिकने एकेक मोकळं करायला लागलो, तर करड्या मेणाची वेटोळी बाहेर यायला लागली. एका घराच्या कित्येक वर्षांच्या थुंकीचं ते संग्रहालय होतं. कोणाच्या तक्रारी, कोणाचे "जोरात बोल, ऐकू येत नाही". सातव्या भोकानंतर मी हात धुऊन आलो. एकूण भोकं बरीच होती.

रिकामं कवच कोमट साबणपाण्यात बुडवलं, मऊ ब्रशने घासलं, नि ते इतकं छान निघालं की शहाणा माणूस तिथेच थांबला असता. मला एक शाईचा डाग दिसला. नेलपेंट काढायच्या द्रावणाने शाई जाते, हे मला माहीत होतं. त्यात ॲसिटोन असतं आणि ॲसिटोन एबीएसला विरघळवतं, हे माहीत नव्हतं. आधी न दिसणाऱ्या जागी करून पाहावं एवढी अक्कल मात्र होती, म्हणून तळाशी दोन थेंब टाकून अंगठ्याने चोळले. अंगठा उचलला तेव्हा त्याची रेघन् रेघ प्लॅस्टिकवर उठली होती. दोन पदव्या घेतलेला माणूस, आणि फोनच्या बुडाशी अंगठा देऊन बसलो.

मग आलं पेरॉक्साइड. केस उजळवायचं 12 टक्क्यांचं क्रीम कवचाला फासायचं, वर पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. हातमोजे हवेतच. माझा एक मोजा तर्जनीला फाटला आणि त्या बोटाचं टोक तासाभरासाठी फोनच्या आधी पांढरं झालं. चुरचुरलं ते वेगळंच. क्रीम सुकता कामा नये, गुंडाळीला सुरकुती पडता कामा नये, दर तासाला कूस बदलायला हवी. शेजाऱ्यांनी विचारलं, "कोण आजारी आहे?"

चौथ्या दिवशी गुंडाळी सोडली. जिथे क्रीम टेकलं होतं तिथे फोन पांढराफेक, जिथे सुरकुत्या होत्या तिथे पिवळा. पट्टे अगदी ठळक, झेब्र्याने हेवा करावा असे. त्यात या विद्येतले जाणकार एक गोष्ट शेवटी, हळू आवाजात सांगतात: उजळलेला रंग पुढे पुन्हा पिवळा पडू शकतो.

"अहो," बायको म्हणाली, "आतूनसुद्धा पिवळा होता म्हणालात ना?"

"हो."

"आत ऊन कुठून गेलं?"

मी काही न बोलता डायलच्या मधलं नंबर लिहायचं कार्ड काढलं. त्याखाली, जिथे ना ऊन पोचलं होतं ना मी, रुपयाएवढा गोल डाग होता. मऊ, एकसारखा, हस्तिदंती. फोन कारखान्यातून निघाला तोच त्या रंगाचा.

सध्या फोन खिडकीत ठेवलाय, भर उन्हात, क्रीम न लावता. रोज सकाळी थोडा वळवतो. परवा बायकोने विचारलं, "आता काय चाललंय?"

"पिवळा पडायची वाट बघतोय."

ती "हं" म्हणाली.