बेस घ्या, पण कोणीच न घेतलेला घ्या

अभिनंदन. तुम्ही बेस गिटार घेतली, घरी आणली, आणि पहिल्याच संध्याकाळी कोणीतरी, बहुतेक मावशी किंवा शेजारचे काका, म्हणाले असतील की अरे हिला चारच तारा कशा, दोन तुटल्या का? उत्तर देत बसू नका. पुढची वीस वर्षं हाच प्रश्न येणार आहे आणि तुमचं उत्तर संपेपर्यंत कोणी थांबणार नाहीये, त्यामुळे ती ताकद वाचवा आणि माझं ऐका.

मुद्द्याची गोष्ट एकच, कलेक्शन करायचं तर साधा बेस घेऊ नका. साधा म्हणजे फेंडर प्रिसिजन. लिओ फेंडर नावाच्या, मूळच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसानं १९५१ ला कॅलिफोर्नियात तो काढला. ३४ इंच स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी, लाकडाची एक फळी, चार स्क्रूनं बसवलेला नेक म्हणजे मान, आणि घोळ असा झाला की पहिल्याच फटक्यात जमलं. १९६० ला त्याचा धाकटा भाऊ जॅझ बेस आला, तोही जमला. मग काय, जगभरातली पोरं हे दोनच वाजवत सुटली. आता जी वस्तू कुठल्याही दुकानात मिळते, सुरात राहते आणि मुकाट्यानं वाजते तिचं कोणी कलेक्शन करतं का? स्टीलच्या वाट्यांचं करता का तुम्ही?

मग दुर्मिळ कशाला म्हणायचं? इथं जरा लक्ष द्या, कारण हे कुठलाच विकणारा सांगत नाही. बेस दुर्मिळ का होतो, तर तो नवा होता तेव्हा कोणी घेतला नाही म्हणून. बाकी काही नाही. लग्नात आलेले सहा लेमन सेट चाळीस वर्षं माळ्यावर पडून असतात आणि मग कोणीतरी त्यातल्या एकाला व्हिंटेज म्हणतं, तसंच हे. फेंडरनंच १९६५ ला बेस फाइव्ह नावाचा पाच तारांचा बेस काढला. लोकांना वाटलं पाचवी तार खालच्या सुरांसाठी असणार, तर यांनी वरची दिली. आणि वरची तार आहेच, मग कशाला मानेभर फ्रेट, म्हणजे त्या धातूच्या आडव्या पट्ट्या, हव्यात म्हणून १५ फ्रेटवर थांबले. म्हणजे खालचा सूर नाही तो नाहीच, वर नेक बुटका आणि बॉडी लांबलचक. दुकानदार धूळ झटकून झटकून दमले, १९७० च्या सुमाराला कंपनीनं नाद सोडला. आता तुम्हाला तो मिळाला तर सोडू नका. ज्या कारणासाठी तेव्हा कोणी घेतला नाही नेमक्या त्याच कारणासाठी तुम्ही सोळा महिन्यांचा ईएमआय लावणार आहात.

गिब्सन कंपनीचा आरडी आर्टिस्ट बेस पण बघून ठेवा. १९७७ चा. त्यातलं सर्किट मूगचं, म्हणजे सिंथेसायझरवाल्या बॉब मूग यांचं (त्यांच्या घरात म्हणे मोग असा उच्चार करतात, पण आपल्याकडे मूगच). लाकडाच्या पोटात अख्खी इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा, वजन असं की खांद्याला गाठ यावी. बेसवाल्या पोरांना आवाज कमीजास्त करायला एक बटण पुरत होतं. हे सगळं बघून ती मूग गिळून गप्प बसली आणि घरी जाऊन प्रिसिजन वाजवू लागली.

पण माझी खरी शिफारस विचाराल तर ॲशबरी. ऐंशीच्या दशकातलं हे इंग्लिश डोक्यातून निघालेलं प्रकरण अवघं १८ इंच स्केलचं आहे, लांबून बघितलं तर मुलाच्या खेळण्यातलं वाटतं, आणि तारा सिलिकॉन रबराच्या. होय, रबराच्या, शिजवलेल्या जाड शेवयांसारख्या. बोट ठेवलं की चिकटतं, म्हणून वाजवायच्या आधी हाताला टाल्कम पावडर लावायची. मी चेष्टा करत नाहीये, ही खरंच वाजवण्याची पद्धत आहे. बाथरूममधला पावडरचा डबा कुठे गेला म्हणून आई घर डोक्यावर घेते, तुम्ही हॉलमध्ये कॅरम खेळायला बसल्यासारखे पांढरे हात घेऊन बसलेले, आणि ट्यून करायला तार पिळावी तर ती बराच वेळ नुसती ताणतच राहते आणि एक दिवस पटकन तुटते. आता मनाविरुद्ध एक कबुली देतो. ॲम्पला लावला की त्याचा आवाज त्या मोठ्या उभ्या डबल बेसच्या इतका जवळ जातो की अंगावर काटा येतो. पण हे कोणाला सांगू नका, लोक वाजवायला मागतील.

लाकडाचा मोह सोडा. लाकूड सगळेच वापरतात. सत्तरच्या दशकात क्रेमरनं ॲल्युमिनियमचे नेक काढले, टोकाला ट्यूनिंग फोर्कसारखी दोन शिंगं. थंडीत हात लावला तर भाजी मंडईतल्या वजनाला हात लावल्यासारखं वाटतं, स्टेजवरच्या लाइटखाली नेक तापला की सूर हलतो, आणि पट्टा लावून हात सोडला की नेकचं डोकं धाडकन खाली जातं कारण पुढचा भाग जड. १९६९ च्या ॲम्पेग डॅन आर्मस्ट्राँगची बॉडी आरपार पारदर्शक ॲक्रिलिकची आहे, बॉडीतून तुमचं पोट दिसतं, हा एक फायदा. नेड स्टाइनबर्गर हा मूळचा फर्निचर डिझाइन करणारा माणूस, त्यानं १९८० च्या आसपास डोकंच काढून टाकलं, लाकूडही काढून टाकलं, ग्रॅफाइट आणि इपॉक्सीचा वल्ह्यासारखा एक चौकोनी दांडा ठेवला. लोक विचारतात होडी कुठाय. त्याला तारा लागतात त्या दोन्ही टोकांना गोळी असलेल्या, आणि त्या शनिवारी संध्याकाळी तुटतात. मग तुम्ही धोबीतलावला दुकानात जाऊन काउंटरवरच्या पोराला दोन्ही टोकांना गोळी समजावून सांगत बसायचं. तो पोरगा फार नम्र असतो, आत जाऊन खरंच बघून येतो.

आणि डॅनइलेक्ट्रो लाँगहॉर्न तर घ्याच, १९५८ चं मॉडेल. बैलाच्या शिंगांसारखी बॉडी आणि ती मॅसोनाइटची. मॅसोनाइट म्हणजे काहीतरी भारी अमेरिकन वाटतं ना? हार्डबोर्ड हो. आपण दहावीला पेपर लिहायला क्लिप लावलेलं जे पॅड न्यायचो ना, तेच. आणि तारांचा आवाज पकडणारे पिकअप बसवलेत लिपस्टिकच्या नळ्यांमध्ये, ही पण उपमा नाही, खरंच लिपस्टिकच्याच नळ्या. परीक्षेचं पॅड अधिक लिपस्टिक, आणि किंमत ऐकून बायकोनं खुर्ची शोधायची.

बघायला गेलात की वाजवून बघू नका, नवखे समजतील. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढा. आतल्या पॉटच्या, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या डबीच्या, पाठीवर नंबर असतो, समजा १३७६४३२, तर १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, ६४ म्हणजे साल, ३२ म्हणजे त्या सालाचा आठवडा. मग नेकच्या टोकावरची तारीख बघा, बॉडीच्या खाचेतली बघा, सोल्डरला कोणी हात लावलाय का बघा. थोडक्यात पत्रिका जुळवायची, ३६ पैकी ३६ गुण जुळले पाहिजेत. नाडी एक निघाली तर चहा पिऊन उठायचं. जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन रेडिओ-टीव्हीवाल्या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली गेली, म्हणून त्याआधीचा बेस तो सोन्याचा आणि नंतरचा तो असाच. डिसेंबरात ज्या बाईनं सोल्डर मारलं तीच बाई फेब्रुवारीत त्याच टेबलावर बसून तेच सोल्डर मारत होती, हा विचार डोक्यात आला तर पाणी प्या, जाईल.

रंगाचंही तेच. लेक प्लॅसिड ब्लू वगैरे नावं ऐकून तलावाकाठी उभं राहिल्यासारखं वाटतं, तो मुळात कॅडिलॅक गाडीचा रंग. तेव्हा असा रंग हवा तर ५ टक्के जास्त द्यायचे. आज किती जास्त ते घरात मोठ्यानं बोलू नका. आणि मूळ मालकाच्या पोरानं १९७८ ला हौसेनं परत रंगवला असेल तर किंमत अर्धी झाली समजा. आधीचा पोपडे उडालेला रंग पाहिजे आपल्याला. आपल्या घराच्या भिंतीचे पोपडे उडाले तर आपण पेंटरला बोलावतो, हा वेगळा विषय.

वस्तूला कथा पाहिजे. अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियसचा १९६२ चा जॅझ बेस, फ्रेट उपटलेले, बोर्डवर म्हणजे नेकवरच्या लाकडी पट्टीवर होडीला लावतात तसलं इपॉक्सी, १९८६ ला चोरीला गेला आणि वीसेक वर्षांनी वर आला. पॉल मॅकार्टनीनं १९६१ ला हॅम्बुर्गात साधारण ३० पौंडांना घेतलेला व्हायोलिनसारखा हॉफनर बेस १९७२ ला चोरीला गेला तो सापडल्याची बातमी थेट २०२४ ला आली. तुमच्या माळ्यावर असं काही नाहीये, मी सांगतो, तिथं कूलर आहे आणि तेच लेमन सेट. पण निदान लॉसूट, म्हणजे कोर्टातला दावा, हा शब्द वापरता येतो. गिब्सनच्या मालक कंपनीनं १९७७ ला आयबानेझ या जपानी गिटार कंपनीच्या अमेरिकन वितरकावर दावा लावला, तोही हेडस्टॉकच्या, म्हणजे नेकच्या डोक्याच्या, आकारावरून. एवढंच. त्या एका दाव्याच्या जिवावर सत्तरच्या दशकात जपानात बनलेली झाडून सगळी कॉपी, कुठल्याही कंपनीची असो, लॉसूट मॉडेल म्हणून विकली जाते. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, गिटारनं मात्र जरूर चढावी, नुसती कोर्टासमोरून गेली तरी भाव वाढतो.

आता बेस घरी आला, कस्टमवाल्यांनी त्यांचा वाटा घेतला, आणि जून उजाडला. मुंबईत असाल तर देवच तुमच्या पाठीशी, पुण्यातही काही फार सुख नाही. हवा दमट झाली की नेक वाकतो, तार फ्रेटपासून इतकी वर जाते की खालून मांजर जाईल. नेकच्या आतला ट्रस रॉड फिरवून सरळ करता येतो, पण जुन्या फेंडरमध्ये त्याचा नट नेकच्या बुडाशी, म्हणजे आधी तारा सोडा, नेक काढा, पाव फेरा फिरवा, परत लावा, तारा चढवा, बघा, चुकलं, परत काढा. असा चातुर्मास जातो. केसच्या आतल्या मखमलीला बुरशी येते, सिलिका जेलच्या पुड्या साठवायची सवय लागते, नव्या बुटांच्या डब्यातून आधी ती पुडी उचलली जाते. डीह्युमिडिफायर घ्या आणि तो बेसच्या खोलीत ठेवा, पापड मऊ पडले तर पडू देत.

लाकडाचे कागद पण सांभाळा. बऱ्याच जुन्या फेंडरच्या बोर्डवर ब्राझीलची शिसव असते आणि १९९२ पासून साइट्स या दुर्मिळ प्राणी-झाडांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात तिच्यावर सगळ्यात कडक बंदी आहे. २०१७ च्या सुरुवातीला आपल्याकडच्या शिसवीसकट बाकी सगळ्या शिसवी पण यादीत घातल्या, मग जगभरातले वाजवणारे बोंबलले तेव्हा २०१९ ला तयार वाद्यांना सूट मिळाली. म्हणजे बघा, काही मिलिमीटर जाडीच्या शिसवी पट्टीसाठी तुम्ही तीन देशांचे कागद जमवता, आणि आजोबांचा अख्खा शिसवी पलंग, नक्षीच्या खुरांसकट, आपण २००४ ला भंगारवाल्याला दिला, वर तो उचलायला जड होता म्हणून त्यालाच शंभर रुपये दिले. असो.

वाजवण्याबद्दल दोन शब्द बोलावे लागतील. जाड तारेचा मोकळा सूर ४१ हर्ट्झचा. मोबाईलच्या स्पीकरला तो झेपत नाही, त्यामुळे तुम्ही कौतुकानं व्हिडिओ टाकलात तर लोकांना फक्त बोटांची टकटक ऐकू येते आणि ते खाली लिहितात, सुंदर. भिंतीला मात्र नीट ऐकू जातो. खालच्या मजल्यावरचे काका पाण्याची मोटर चालू राहिली का म्हणून दोनदा गच्चीवर जाऊन येतात.

आणि कृपा करून जेम्स जेमरसनबद्दल वाचू नका. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची साठच्या दशकातली ढीगभर हिट गाणी त्या माणसानं वाजवली, बहुतेक एकाच १९६२ च्या प्रिसिजनवर, उजव्या हाताच्या एकाच बोटानं, आणि तारा बदलायच्याच नाहीत हे त्याचं तत्त्व. एक बेस, एक बोट, मळकट तारा. अशा माणसांमुळे आपल्या छंदाचं फार नुकसान होतं. पंचमच्या रेकॉर्डिंगला टोनी वाझ बेस वाजवायचे, आपण ती गाणी पाठ म्हणतो, पण बेसचं मॉडेल राहू दे, वाजवणाऱ्याचं नाव तरी कितीजणांनी विचारलं? तुम्ही चौदा बेस घेतलेत, तुमचं नाव निदान कुरिअरवाल्याला पाठ आहे.

घरच्यांना गुंतवणूक म्हणून सांगा, सोन्यासारखं. द हू या इंग्लिश बँडचा बेसवाला जॉन एंटविसल २००२ ला गेला, आणि पुढच्या वर्षी लंडनला सोथबीजनं त्याच्या वाद्यांचा लिलाव केला, त्यात त्यानं पाच फुटक्या बेसचे तुकडे जोडून केलेला फ्रँकेनस्टाइनही गेला. छापील कॅटलॉग, सूटबूट, हातोडा. तुमचं असं होणार नाही. तुमचा मुलगा एका रविवारी मोबाईलवर जाहिरात टाकेल, जुनी गिटार, दोन तारा नाहीत, बाकी चालू, तीन हजार फिक्स. पाच मिनिटांत एक घामेजलेला माणूस दारात येईल, पाणी नको म्हणेल, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढेल, आतले नंबर वाचता वाचता त्याचा हात थरथरायला लागेल, आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारेल, फार वाजवलीये का हो?

छे हो काका, पोरगा म्हणेल, बाबांनी कधी वाजवलीच नाही.