पात्रं पाडायची सोपी रीत

तर कथा लिहायला घेतली म्हणे तुम्ही. छान केलं. आता पहिलं काम म्हणजे घराबाहेर पडू नका. नागपुरात राहत असाल तर हे तसंही कठीण नाही, मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, तेव्हा कूलरमध्ये पाणी टाका, परदा ओढा आणि बसा लॅपटॉप घेऊन. बाहेर माणसं असतात. माणसं बघितली की पात्रं बिघडतात.

हिरोचं नाव विहान किंवा आरव ठेवा. जन्म 1985 चा असला आणि वर्गातले बाकी सगळे सचिन, प्रशांत न् नीलेश असले तरी काही फरक पडत नाही. आडनाव मात्र देऊ नका बाप्पा. आडनाव दिलं की मोहल्ला येतो, मोहल्ला आला की घर स्वतःचं का किरायाचं हे येतं, किराया आला की तो कोणत्या तारखेला द्यायचा आणि पगार कोणत्या तारखेला होतो हे येतं, मग बसा हिशोब करत. त्यापेक्षा मिहानमध्ये आयटी कंपनीत आहे असं सांगून टाका, विषय संपला, ऑफिसात तो नेमकं काय करतो हे आजवर कोणत्या वाचकानं विचारलं आहे? खापरीहून बर्डीला मेट्रो 2019 पासून धावून राहिली, पण हिरोनं तिच्यात बसायचं नाही, हिरो बुलेटवर. मेट्रोत बाजूला कोणीतरी बसेल, मोबाईलवर आपल्या साडूशी मोठ्यानं भांडेल, हिरोला ते ऐकावं लागेल, आणि हिरोनं दुसऱ्याचं ऐकणं काही बरं दिसत नाही.

तो दिसतो कसा हे सांगायला आरसा आहेच. सकाळी उठला, आरशापुढं उभा राहिला आणि स्वतःचे घारे डोळे, रुंद खांदे, कपाळावर येणारी बट वगैरे न्याहाळू लागला. खरा माणूस आरशात बघतो तेव्हा कानाजवळचा पांढरा केस बघतो, नाहीतर दातात काय अडकलं ते, पण त्याला कोण विचारून राहिलं.

मग त्याची कुंडली मांडा. आवडता रंग, आवडतं फूल, रक्तगट, रास, लहानपणी पाळलेल्या कुत्र्याचं नाव, सगळं लिहून काढा, वही भरून टाका, दोन महिने आरामात जातात आणि लिखाण सुरू आहे असंही सगळ्यांना सांगता येतं. एकच प्रश्न चुकूनही विचारू नका, की ह्या माणसाला आज संध्याकाळपर्यंत काय पाहिजे आणि ते कोण देत नाहीये. समजा त्याला मेव्हण्याकडून उसने दिलेले वीस हजार परत मागायचे आहेत, उद्या पोराची फी भरायची शेवटची तारीख आहे, मेव्हणा समोर बसून चहा पिऊन राहिला आणि बायको तिथून हलायलाच तयार नाही. बघा, झाली नं गडबड? कथा लगेच सुरू झाली, तुमचं फुटाळा तलावावरच्या सूर्यास्ताचं चार पानांचं वर्णन गेलं पाण्यात. रक्तगट तर कोणी विचारतच नाही.

आता नागपूरपण. हे फार सोपं आहे, दर वाक्याच्या शेवटी 'बे' लावा. बापाशी बे, मास्तरांशी बे, पोरीला मागणी घालताना बे. खरा नागपूरकर बे कोणाला म्हणतो आणि कोणापुढं गिळतो, दोस्त रुसला की बे कसा गायब होतो आणि पोट्टा एकदम 'ठीक आहे, बघतो' असं कोरडं बोलतो, ह्या बारक्या गोष्टीत शिरू नका. रोज सावजी खाऊ घाला, सोमवारीसुद्धा. ते हलबा कोष्ट्यांच्या, म्हणजे दिवसभर मागावर बसणाऱ्या विणकरांच्या घरचं जेवण आहे, हे तुमच्या हिरोला माहीत असायची गरज नाही, त्यानं फक्त नाक पुसत 'भाऊ, तिखट!' म्हणायचं. आणि हातात संत्रं द्या. आंबिया बहाराचं संत्रं पावसाळा सरता सरता बाजारात येऊ लागतं न् मृग बहाराचं उन्हाळ्याच्या तोंडाशी, पण तुमच्या हिरोनं जूनमध्ये संत्रं सोललं तर कोणता वाचक कळमन्याच्या मंडीत जाऊन विचारणार आहे!

संवाद सगळ्यांचे एकाच छापाचे ठेवा, शुद्ध, स्वच्छ. ह्या शहरात एक बाई सकाळच्या दहा मिनिटांत बहिणीशी फोनवर 'काय करून राहिली गं' म्हणते, सिलेंडरवाल्याला 'भैया, आज आओगे के नही' म्हणते, आणि पोराच्या मॅडमचा फोन आला की पदर सावरून 'नमस्कार, आपण कशा आहात' म्हणते. (फोनवर पदर कशाला सावरायचा, पण सावरते.) 1956 पर्यंत नागपूर मध्यप्रदेशची राजधानी होतं, हिंदी-मराठी एकाच दुकानात, एकाच ऑफिसात सोबत वावरली, त्यामुळे इथला माणूस कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो ह्यावरनं तो समोरच्याला काय समजतो हे कळतं. तुम्हाला एवढं कळून करायचं काय? तुमची सगळी पात्रं, वॉचमनपासून कुलगुरूपर्यंत, तुमच्यासारखीच बोलू द्या, वाचताना सोयीचं पडतं, कोण बोललं हे शोधायला वाचक दोन पानं मागं जातो, तेवढंच पुस्तक दोनदा वाचलं जातं.

आणि मनातलं सगळं तोंडानं बोलून टाका. 'आई, मी तुझ्यावर रागावलोय कारण तू नेहमी दादाचीच बाजू घेतलीस आणि त्यामुळे माझा आत्मविश्वास कमी झाला.' वाह! आपल्या घरांमध्ये असंच बोलतात नं? माय रागावली की 'जेवून घे' म्हणते आणि वाटी अशी आदळते की आमटी टेबलावर. बापाला सॉरी म्हणायचं असतं तेव्हा तो दारात उभा राहून विचारतो, 'गाडीत पेट्रोल आहे का?' पोरगं म्हणतं, 'आहे.' झाली माफी, दोघंही मोकळे. पण हे लिहिलं तर वाचकाला डोकं लावावं लागेल, आणि वाचकाला त्रास द्यायला आपण काय लोडशेडिंग आहोत?

व्हिलनच्या बाबतीत नागपूरकरांना आयती सोय आहे. तान्ह्या पोळ्याला मारबत, म्हणजे भलामोठा पुतळा, मिरवणुकीनं निघते, काळी 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून, सोबत त्या वर्षी लोक ज्याच्यावर चिडले असतील त्याचे पुतळे, म्हणजे बडगे, पोट्टे 'घेऊन जा गे मारबत' ओरडतात आणि शेवटी सगळं नेऊन जाळतात. तुमचा व्हिलन तसाच बांधा, बांबू न् कागद, वटारलेले डोळे, आणि शेवटच्या पानावर काडी लावा. काळी मारबत म्हणजे नागपूरच्या भोसले राजांच्या घरातली बाकाबाई, इंग्रजांना सामील झाली म्हणून, असं सांगतात. इथं एखादं भैताड खोदत बसेल. भोसल्यांचे राजे तिसरे रघुजी 1853 मध्ये वारले, पोटी मुलगा नाही, डलहौसीनं राज्य खालसा केलं, वाड्यातले दागिने, हत्ती-घोडे लिलावात गेले, आणि हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली म्हातारी 1857 साली त्याच इंग्रजांच्या बाजूनं राहिली. का राहिली असेल? भीतीनं? का घराण्याला दत्तक आणि पेन्शन तरी मिळेल ह्या आशेनं? का आता ह्या वयात आणखी रक्त बघवणार नाही म्हणून? एवढ्या एका 'का'त दोन कादंबऱ्या निघतील, म्हणूनच तिकडे फिरकायचं नाही. काळा रंग घ्या, ब्रश घ्या, मारा.

हिरोईन दोनच प्रकारची येते. एक तुळशीला पाणी घालणारी, दुसरी बोल्ड. बोल्ड म्हणजे धरमपेठेतल्या कॅफेत बसून बिनसाखरेची काळी कॉफी पिणारी, केस कापलेली. तिसरा प्रकार स्टॉकमध्ये नाही.

छोटी पात्रं नेहमी हिरोची वाट बघत उभी पाहिजेत. कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे देणाऱ्या भाऊला दुसरं गिऱ्हाईक नसतंच, तो चमचा बाजूला ठेवून विहानला आयुष्याचा अर्थ समजावतो. खरा असता तर म्हणाला असता, 'सुट्टे द्या अन् बाजूला सरका.' कामवाल्या मावशींनीही तसंच एक सुविचार सांगून निघून जायचं. त्यांना अजून तीन घरं करायची आहेत, शेवटची बस गेली तर ऑटोला पैसे नाहीत, हे बोलू द्याल तर कथा मावशींकडे जाईल न् विहान बसेल बुलेट पुसत.

अवगुण एखादा पाहिजेच म्हणतात आजकाल. द्या नं. 'तो जरा जास्तच प्रामाणिक होता.' 'तिचं लोकांवर फार प्रेम होतं, हीच तिची चूक.' शाळेत तंबाखूविरोधी भाषण देऊन परत येताना पानठेल्यामागं उभं राहून पन्नीत खर्रा घोटणारे सर, असलं काही नको. ते सर वाचकाला आवडून जातात, बायकोला कळेल का म्हणून त्याचाच जीव वर-खाली होतो.

शेवटी पात्र बदललं पाहिजे, तर पाऊस पाडा. पावसात भिजला की माणूस आतून बदलतो. नागपुरात पाऊस आला की पहिले लाईट जाते आणि मग माणूस मेणबत्ती शोधतो, पण तुमच्या कथेत इन्व्हर्टर असू द्या.

आणि नातेवाईक ओळखतील म्हणून तर बिलकुल घाबरू नका. ज्या काकाला तुम्ही कंजूस म्हणून रंगवला तो वाचून म्हणेल, 'हा तर तुझा मामा आहे बे, हुबेहूब!' मामाला वाचायला द्या, तो काकाचं नाव घेईल. आणि जिचा कथेशी काहीच संबंध नाही ती आत्या अमरावतीहून फोन करेल, इकडचं तिकडचं बोलेल, मग हळूच विचारेल, 'काय रे, ती दुसऱ्या पानावरची देखणी बाई मीच आहे नं?' हो म्हणून टाका. दर उन्हाळ्यात कुरड्या तिच्याकडूनच येतात.